नेस्टजेएस घ्यावं का, आणि घेतलंच तर कोड कसा मांडावा

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण अर्धे लोक तेवढंच वाचून जाणार आहेत. टीममध्ये चार-पाच जण असतील, टाइपस्क्रिप्टची (टाइप तपासणाऱ्या जावास्क्रिप्टची) सवय असेल आणि अ‍ॅप पुढची काही वर्षं चालवायचं असेल तर नेस्टजेएस (सर्व्हरचा कोड लिहायचं तयार फ्रेमवर्क) घ्या, माझ्याकडून पाचपैकी चार. एकट्यानेच दहा-बारा राउटची एपीआय लिहायची असेल तर अजिबात नको, सरळ एक्सप्रेस नाहीतर फास्टिफाय अशी हलकी फ्रेमवर्क घ्या आणि संध्याकाळपर्यंत मोकळे व्हा. आता उरलेला एक स्टार कुठे गेला ते सांगायला हा सगळा मजकूर, कारण नेस्टचं कौतुक करणारे सगळे म्हणतात की "स्ट्रक्चर रेडी मिळतं" आणि ते ऐकून लोक घेतात, पण जे रेडी मिळतं ते मॉड्युलचं कुंपण मिळतं, कुंपण कुठून घालायचं हा निर्णय काही त्यात येत नाही, आणि खरी मारामारी तिथेच असते.

आमचं अ‍ॅप कृषी सेवा केंद्रांसाठीचं आहे, म्हणजे खत-बियाणं-औषधांची दुकानं. बिलिंग, स्टॉक (बॅच आणि एक्सपायरीसकट, औषधाच्या दुकानात त्याशिवाय चालतच नाही), शेतकऱ्यांची उधारी, एसएमएस, रिपोर्ट. मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस, त्याच्याशी कोडातून बोलायला टाइपओआरएम. म्हणजे काही रॉकेट सायन्स नाही, पण हंगामात जूनमध्ये दुकानात रांग लागलेली असताना बिल अडकलं की फोन कोणाला येतो ते विचारू नका.

ज्यांना नेस्ट माहीतच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कामिल मिश्लिव्हिएत्स नावाच्या पोलिश डेव्हलपरने २०१७ मध्ये आणलेलं हे नोडचं (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायची सोय) फ्रेमवर्क, ढब सगळी अँग्युलर या फ्रंटएंड फ्रेमवर्कची, डेकोरेटर (क्लासवर @ लावून लिहायची खूण), डिपेंडन्सी इंजेक्शन (क्लासला लागणाऱ्या गोष्टी फ्रेमवर्कनेच आणून देणं) वगैरे, आणि आत डीफॉल्टला एक्सप्रेसच चालतं, हवं तर फास्टिफाय लावता येतं. एक्सप्रेस २०१० पासून आहे आणि त्याने फाइली कुठे ठेवायच्या याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, त्यामुळे प्रत्येक कंपनीचं एक्सप्रेस प्रोजेक्ट म्हणजे वेगळीच भाषा, नवीन माणूस आला की पहिला आठवडा फोल्डर हुडकण्यात जातो. नेस्टमध्ये तो त्रास बराच वाचतो हे मान्यच करायला पाहिजे, ज्याने एक नेस्ट प्रोजेक्ट बघितलंय त्याला दुसरं उघडल्यावर राउट कुठे, व्हॅलिडेशन कुठे, गार्ड (परवानगी तपासणारा कोड) कुठे हे लगेच कळतं.

आता मांडणी. एक्सप्रेसवरून येणारे लोक सवयीने एका फोल्डरात सगळे कंट्रोलर (रिक्वेस्ट घेणारे), दुसऱ्यात सगळ्या सर्व्हिस (खरं काम करणाऱ्या), तिसऱ्यात सगळी मॉडेल (टेबलांची) असं करतात, याला लेयर्ड म्हणतात आणि लहान अ‍ॅपला ते अगदी बरं आहे, उगाच नावं ठेवू नका. पण सर्व्हिसच्या फोल्डरात तीस-चाळीस फाइली झाल्या की गंमत सुरू होते, उधारीत एक रकाना वाढवायचा तर चार फोल्डरांत नाचायचं आणि त्यात कोण कोणाला बोलावतंय याला काही धरबंधच नाही, बिलाची सर्व्हिस स्टॉकच्या टेबलात हात घालते, स्टॉकची सर्व्हिस एसएमएस पाठवते, आणि एसएमएसवाल्याला शेतकऱ्याचा पत्ता कशाला लागतो ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

हा वाद काही जावास्क्रिप्टवाल्यांनी शोधलेला नाही बरं का. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच एका छोट्या प्रोग्रामचे दोन प्रकारे तुकडे करून दाखवले होते, एकदा कामाच्या पायऱ्यांप्रमाणे, म्हणजे आधी वाचा मग फिरवा मग क्रम लावा मग छापा, आणि एकदा असे की प्रत्येक तुकड्याच्या पोटात एकेक निर्णय लपवलेला, असा निर्णय जो उद्या बदलू शकतो. दुसऱ्या प्रकारात बदल करायचा झाला की एकाच तुकड्यात हात घालावा लागतो. फोल्डरांवरून भांडणाऱ्या सगळ्यांनी हे एकदा डोक्यात घालून घ्यावं, कारण मॉड्युल पाडताना विचारायचा प्रश्न "हा कोड कुठल्या प्रकारचा आहे" हा नाहीच, "उद्या काय बदललं तर हा बदलेल" हा आहे.

आपल्याकडचं ताजं उदाहरण घ्या, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, बारा टक्क्यांचा स्लॅब जवळजवळ गेलाच, सूक्ष्म अन्नद्रव्यं, ठरावीक जैविक कीटकनाशकं, ठिबक-तुषारचं सामान हे बारावरून पाचवर आलं, आणि रासायनिक कीटकनाशक अठरालाच राहिलं. आता ज्याच्या कोडात १२ हा आकडा बिलात, रिटर्नमध्ये, रिपोर्टात, पीडीएफच्या टेम्प्लेटात असा सगळीकडे सांडलेला होता त्याचं काय झालं असेल ते सांगायला नको, आणि नुसतं शोधून बदललं तरी चालत नाही कारण ऑगस्टचं जुनं बिल उघडलं तर त्यावर जुनाच दर दिसला पाहिजे. करासाठी एक छोटं मॉड्युल, त्याला एचएसएन कोड (जीएसटीत मालाचा प्रकार सांगणारा) आणि तारीख द्यायची आणि त्याने दर सांगायचा, बास. आत टेबल आहे का फाइल आहे हे बाकीच्यांना कळायचं कारण नाही. ई-इनव्हॉइसचंही तसंच, ५०० कोटींच्या उलाढालीपासून २०२० मध्ये सुरू झालं आणि मर्यादा उतरत उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली, म्हणजे सरकार हा निर्णय बदलणार हे गृहीतच धरायचं आणि त्याला वेगळ्या खोलीत बसवायचं.

नेस्ट इथे खरंच भारी आहे. प्रत्येक फीचरचं एक मॉड्युल, त्यात चार याद्या, इम्पोर्ट्स (दुसरी कुठली मॉड्युल लागतात), कंट्रोलर्स, प्रोव्हायडर्स (आतल्या सर्व्हिस वगैरे) आणि एक्सपोर्ट्स (बाहेर काय द्यायचं), आणि महत्त्वाचं म्हणजे जे एक्सपोर्ट्समध्ये लिहिलं नाही ते बाहेर कोणाला इंजेक्ट करून मिळत नाही. कोणी प्रयत्न केला तर अ‍ॅप सुरूच होत नाही, सुरू होतानाच एरर येते की अमुक सर्व्हिसच्या अमुक नंबरच्या आर्ग्युमेंटला काय द्यायचं ते या मॉड्युलच्या कक्षेत सापडत नाहीये, त्या आर्ग्युमेंटच्या जागी प्रश्नचिन्ह. नवीन पोरांना ती एरर बघून घाम फुटतो पण मला ती फार आवडते कारण त्या क्षणी माणसाला थांबून विचार करावा लागतो की मला हे खरंच पाहिजे का, आणि पाहिजे तर समोरच्या मॉड्युलकडे नीट मागायला पाहिजे. आमच्याकडे नियम असा आहे की एक्सपोर्ट्समध्ये एकच सर्व्हिस, फार तर दोन, आणि ती यादी वाढवणारा पुल रिक्वेस्ट (कोडातल्या बदलाची विनंती) आला की रिव्ह्यूला दोघं जण बसतात.

पण भोकं आहेत आणि ती डॉक्युमेंटेशन वरवर वाचून कळत नाहीत.

पहिलं म्हणजे नेस्ट फक्त इंजेक्शनवर पहारा देतं, टाइपस्क्रिप्टच्या इम्पोर्टवर नाही. एररने वैतागलेला माणूस काय करतो, तर दुसऱ्या मॉड्युलची सर्व्हिस उचलतो आणि आपल्याच प्रोव्हायडर्समध्ये टाकतो. एरर गेली, सगळे खूश. फक्त आता त्या सर्व्हिसचे दोन वेगळे इन्स्टन्स तयार झाले, एक तिच्या घरी एक तुमच्या घरी, कारण नेस्टमध्ये सिंगलटन (एकच इन्स्टन्स) असतो तो मॉड्युलपुरता नोंदवलेला, आणि त्या सर्व्हिसने मेमरीत काही कॅश ठेवली असेल तर एकीकडे नवा भाव आणि दुसरीकडे जुना भाव. असले बग शोधताना माणूस देवधर्माला लागतो. दुसरं भोक डेटाबेसचं, टाइपओआरएमचं फॉरफीचर (मॉड्युलला टेबल जोडून देणारं फंक्शन) वापरून कुठल्याही मॉड्युलला कुठलीही एंटिटी (टेबलाचा क्लास) घेता येते, म्हणजे एक्सपोर्ट्सची यादी कितीही नीटनेटकी ठेवा, बाजूचा माणूस मागच्या दाराने थेट तुमच्या टेबलात लिहू शकतो आणि नेस्ट हूं का चूं करत नाही. तिसरं ग्लोबल डेकोरेटर (तो लावलेलं मॉड्युल इम्पोर्ट न करताच सगळीकडे मिळतं), तो कॉन्फिग आणि लॉगरपुरता ठीक, एकदा का बिझनेसच्या मॉड्युलला लावला की इम्पोर्ट्सची यादी वाचून काहीच कळत नाही, मग मॉड्युल असून नसून सारखे.

यावर उपाय नेस्टच्या बाहेरचा आहे. कोण कोणाला इम्पोर्ट करतं ते तपासणारं डिपेंडन्सी क्रूझर किंवा ईएसलिंटचं बाउंड्रीज प्लगइन लावा, एनएक्स (मोठा कोड सांभाळायचं टूल) वापरत असाल तर त्यात मॉड्युलच्या सीमा पाळायला लावणारा नियम आहेच, आणि नियम एकच, दुसऱ्या फीचरच्या फोल्डरातलं फक्त त्याच्या दारातून घ्यायचं, आतली एंटिटी थेट इम्पोर्ट केली की सीआय (कोड आपोआप तपासणारी यंत्रणा) लाल. रेल्स या रुबीच्या फ्रेमवर्कच्या दुनियेत शॉपिफायने याच कामासाठी पॅकवर्क नावाचं टूल काढलं आणि २०२० मध्ये ओपन सोर्स केलं, म्हणजे एवढ्या मोठ्या मोनोलिथवाल्यांनाही (सगळं एकाच अखंड कोडात ठेवणाऱ्यांनाही) नुसत्या शिस्तीवर भरवसा ठेवता आला नाही, आपण कोण लागून गेलो. हे टूल सोबत येत नाही म्हणून अर्धा स्टार कापलाय, उरलेला अर्धा पुढच्या दुखण्यांसाठी.

मग येतो फॉरवर्डरेफ, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेली दोन मॉड्युल तशीच चालवून घ्यायचं नेस्टचं फंक्शन. बिलिंगला उधारी पाहिजे, कारण बिल करताना या शेतकऱ्याची मर्यादा संपली का ते बघायचंय, आणि उधारीला बिलिंग पाहिजे, कारण थकीत किती ते काढायला बिलं लागतात. गोल झाला. शोधलं की पहिलं उत्तर मिळतं फॉरवर्डरेफ लावा, लावलं की चालतं, आणि मग ते एका जागेवरून पाच जागी पसरतं. नेस्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की गोल शक्यतो टाळा, आणि एकाच फोल्डरात इंडेक्स फाइलमधून एकमेकांना इम्पोर्ट केल्यानेही असे गोल होतात, त्यामुळे एरर दिसली की आधी तेवढं तपासा, कधीकधी तेवढंच असतं. पण गोल खरा असेल तर त्याचा अर्थ मालकी ठरलेली नाही. इथे उधारीने स्वतःची खातेवही ठेवायची, बिलिंगने फक्त सांगायचं की अमुकच्या नावावर अमुक रक्कम लिही, आणि थकीत काढताना उधारीने स्वतःच्याच नोंदी बघायच्या, बिलं उघडायचीच नाहीत. दुकानदार वर्षानुवर्षं हेच करतोय, बिलबुक वेगळं आणि उधारीची वही वेगळी. बाण एकाच दिशेला झाला, फॉरवर्डरेफ गेला.

इव्हेंटचा पॅटर्न लोकांना फार आवडतो आणि तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो असं माझं मत. नेस्टचं इव्हेंट एमिटरचं पॅकेज आहे, वापरायला सोपं, बिल झालं म्हणून ओरडायचं आणि ज्याला ऐकायचंय त्याने ऐकायचं, बिलिंगला कोणाचं नावही माहीत असायची गरज नाही. ऐकायला छान. पण तो इव्हेंट त्या प्रोसेसच्या मेमरीतच असतो, मध्येच सर्व्हर रीस्टार्ट झाला की गेला, कुठे नोंद नाही. म्हणून निवड करायची सोपी कसोटी, समोरचं काम फसलं तर बिल रद्द व्हायला पाहिजे का. स्टॉक वजा झाला नाही तर बिल होताच कामा नये, तिथे इव्हेंट नको, थेट फंक्शन कॉल आणि एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही) दोन्ही. एसएमएस गेला नाही म्हणून कोणी बिल फाडत नाही, तिथे इव्हेंट चालेल, त्यातही एसएमएस नक्की जायलाच पाहिजे असेल तर बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आउटबॉक्स टेबलात (पाठवायच्या निरोपांच्या यादीत) एक ओळ लिहा आणि मागून एक जॉब ती उचलून पाठवेल, बुलएमक्यू (जॉबची रांग) आणि त्यामागे रेडिस लावलं की रीट्रायही मिळतो. मात्र जॉबने तीच ओळ दोनदा उचलली तरी शेतकऱ्याला दोन मेसेज जाणार नाहीत एवढं बघा.

आणि त्या एकाच ट्रान्झॅक्शनचं दुखणंही नेस्टमध्ये आहेच. दोन मॉड्युलांच्या सर्व्हिस एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये कशा आणायच्या याचं नेस्टकडे स्वतःचं असं उत्तर नाही, एकतर टाइपओआरएमचा एंटिटी मॅनेजर (ज्याच्यामार्फत क्वेरी जातात तो) प्रत्येक फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून फिरवत बसा, जे दिसायला घाण आहे पण प्रामाणिक आहे, नाहीतर नेस्टजेएस-सीएलएस नावाचं पॅकेज घ्या, ते नोडच्या असिंक लोकल स्टोरेजवर (एका रिक्वेस्टची माहिती तिच्यासोबत ठेवायची सोय) चालतं आणि त्यात ट्रान्झॅक्शनचं प्लगइन आहे. आम्ही दुसरं घेतलं. त्याचा आणखी एक फायदा झाला, दुकानाचा आयडी प्रत्येक क्वेरीत लागतो म्हणून लोक रिक्वेस्ट स्कोपचे (प्रत्येक रिक्वेस्टला नवे बनणारे) प्रोव्हायडर करतात, आणि रिक्वेस्ट स्कोप हा वर चढत जातो, म्हणजे ज्या ज्या सर्व्हिसमध्ये तो इंजेक्ट झाला ती आणि तिच्यावर अवलंबून असलेली, थेट कंट्रोलरपर्यंत, सगळी प्रत्येक रिक्वेस्टला नव्याने बनतात. सीएलएसमध्ये दुकानाचा आयडी ठेवला की हा प्रकारच करावा लागत नाही.

आता हेक्सागोनल, म्हणजे पोर्ट्स अँड अ‍ॅडॅप्टर्स, अ‍ॅलिस्टर कॉकबर्न यांनी २००५ मध्ये या नावाने मांडलेलं, बाहेरच्या गोष्टी (डेटाबेस, एसएमएस वगैरे) एका इंटरफेसच्या, म्हणजे पोर्टच्या, पलीकडे ठेवायच्या अशी मांडणी. युट्युबवर हल्ली नेस्ट शिकवणारा प्रत्येक जण हेच शिकवतो आणि प्रत्येक टेबलाला एक इंटरफेस, एक इम्प्लिमेंटेशन, एक मॅपर, एक डोमेन क्लास, एक डीटीओ (माहिती ने-आण करायचा क्लास), म्हणजे शेतकऱ्याचं नाव डेटाबेसमधून स्क्रीनवर यायला पाच फाइली. का, तर उद्या पोस्टग्रेस बदललं तर. अरे कोण बदलतंय पोस्टग्रेस? पुन्हा पार्नासचाच प्रश्न, बदलणारं काय आहे? आमच्याकडे बदलतो तो एसएमएसवाला. टेम्प्लेट डीएलटीवर (एसएमएस नोंदणीच्या व्यवस्थेत) रजिस्टर असल्याशिवाय मेसेज जात नाही, प्रोव्हायडर बदलला की प्रत्येकाची एपीआय वेगळी, टेम्प्लेट आयडी पाठवायची पद्धत वेगळी, डिलिव्हरी रिपोर्ट वेगळा. तिथे पोर्ट पाहिजेच, आणि पेमेंट गेटवेला पाहिजे, बाकी आतल्या टेबलांना टाइपओआरएमची रिपॉझिटरी थेट वापरा, कोणी पकडून नेत नाही. एक बारीक गोष्ट, टाइपस्क्रिप्टचा इंटरफेस रनटाइमला उरतच नाही, त्यामुळे नेस्टला तो इंजेक्ट करायला टोकन द्यावं लागतं, सिम्बॉल नाहीतर स्ट्रिंग, मग कन्स्ट्रक्टरमध्ये इंजेक्टचा डेकोरेटर आलाच. मी अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास वापरतो, तो रनटाइमला असतो म्हणून तोच टोकन होतो, टाइपिंग वाचतं.

सीक्यूआरएसचं (लिहिणं आणि वाचणं वेगळं ठेवायची पद्धत) पॅकेज बघितलं आणि ठेवून दिलं. कमांड बस, क्वेरी बस, प्रत्येक कृतीला एक कमांडचा क्लास आणि एक हँडलर, आणि एडिटरमध्ये क्लिक करून थेट हँडलरवर जाता येत नाही, शोधत बसा. मोठ्या बँकेत वगैरे गरज असेल, आमच्या दुकानांना नाही. फक्त त्यातला एक विचार घेतला, रिपोर्ट वेगळे. रिपोर्ट मॉड्युलला सगळी टेबलं वाचायची मुभा आहे, लिहायची नाही, डेटाबेसचा युजरच रीड-ओन्ली दिलाय आणि साधी एसक्यूएल लिहिलीय. सीमेचा नियम इथे मोडला म्हणून शुद्धतावादी नाक मुरडतील तर मुरडू दे, पण महिनाअखेरचा उधारी-स्टॉक एकत्र रिपोर्ट चार सर्व्हिसना विचारून मेमरीत जोडत बसण्यापेक्षा एक जॉइन कधीही बरा.

मायक्रोसर्व्हिस, म्हणजे नेटवर्कवरून बोलणारे वेगवेगळे तुकडे? नेस्टमध्ये रेडिस, काफ्का, रॅबिटएमक्यू सगळ्याची सोय आहे आणि मोह होतो. नको. मॉड्युलच्या सीमा एका प्रोसेसमध्ये सांभाळता येत नसतील तर नेटवर्कवरून काय सांभाळणार.

टेस्टिंगला मात्र मनापासून चांगले मार्क. टेस्टिंग मॉड्युल बनवायचं, ओव्हरराइड प्रोव्हायडर करून एसएमएसच्या जागी खोटा बसवायचा, झालं. टेस्ट चालवायला व्हिटेस्ट वापरणार असाल तर लक्षात ठेवा, त्याच्या आत ईएसबिल्ड (टाइपस्क्रिप्टचं रूपांतर करणारं टूल) असेल तर त्याला डेकोरेटरचा मेटाडेटा काढता येत नाही, म्हणून इंजेक्शन टेस्टमध्येच फसतं आणि काही कळत नाही, एसडब्ल्यूसीचं (तेच काम करणारं दुसरं टूल) प्लगइन लावावं लागतं. जेस्टवरच राहिलात तर प्रश्न नाही. सर्व्हरलेसवाल्यांनी (ज्यांचा कोड मागणी आली की सुरू होतो) विचार करून घ्या, मॉड्युल वाढले की सुरू व्हायला लागणारा वेळ वाढतो आणि कोल्ड स्टार्टला तो जाणवतो. डेकोरेटर आवडत नसतील तर विषयच संपला, इथे श्वाससुद्धा डेकोरेटरने घेतात.

नवीन सुरू करत असाल तर अकरावी आवृत्ती घ्या, जानेवारी २०२५ ला आलेली, दहावरची जुनी ट्युटोरियल बघून कॉपी करू नका. त्यात डीफॉल्ट एक्सप्रेस ५ आहे आणि राउटमधला नुसता तारा (*) आता चालत नाही, त्याला नाव द्यावं लागतं. दहावरून अपग्रेड करणाऱ्यांनी मिडलवेअरचे राउट आधी त्या दृष्टीने शोधून ठेवा, आणि डिपेंडन्सी क्रूझर अपग्रेडच्या आधी लावा, नंतर नाही, कारण जुने गोल किती आहेत ते आधी कळलेलं बरं.